वरचा कॉम्प्युटर, खालचा कॉम्प्युटर

इतरांच्या घरी भूक लागली की जेवतात, हे मला बरंच उशिरा कळलं. आमच्या घरी बाबा लग्नावरून परतले की आधी फोटो कॉम्प्युटरमध्ये जायचे, सगळे नीट गेलेत याची बाबा खात्री करायचे आणि मग खुर्ची मागे सारून "उतरले" म्हणायचे. त्यानंतर आई तवा चढवायची. तोपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, फ्रिजचं दारसुद्धा जपून उघडायचं. फ्रिजच्या दाराचा आणि फोटोंचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं होतं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. मटकीची उसळ कढईत निवत पडलेली, कणीक भिजवून झाकून ठेवलेली, आणि आम्ही तिघंही पडद्यावर पुढे सरकणाऱ्या हिरव्या पट्टीकडे डोळे लावून बसलेलो. तरुणपण म्हटलं की लोकांना काय काय आठवतं. मला ही पट्टी आठवते.

ही भीती बाबांनी कॅमेऱ्याबरोबरच घरात आणली होती. रोलच्या जमान्यात त्यांचा एक रोल धुताना बिघडला होता. पिंपळगावकडच्या लग्नातला, मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचा सगळा भाग गेला. मुलाचे वडील दुकानात आले, भांडले नाहीत, बाकावर नुसते बसून राहिले आणि पाणी पिऊन उठून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं, असं बाबा म्हणायचे. "लग्न काही पुन्हा लागत नाही" हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांनी "लग्न काही" म्हटलं की उरलेलं आई पोळ्या लाटता लाटता पूर्ण करायची. पण त्यात चेष्टा नसायची. मी तर मुळातच भित्री. लहानपणी बाबांच्या अंधारखोलीतला लाल दिवा पाहिला तरी मी दारातूनच पळायचे. आता चाळिशी आली, मुलं हाताशी आली, तरी मोबाइलमधला एखादा फोटो चटकन सापडला नाही की सगळा मोबाइल उलथापालथा करते, आणि मुलं हसतात.

पुढे बाबांना मेन रोडवरचं भाड्याचं दुकान सोडावं लागलं आणि स्टुडिओ घरातच आला. मखमलाबाद नाक्याजवळ आमचं छोटं दुमजली घर होतं. खालच्या पुढच्या खोलीत बाबांचं टेबल, त्यावर मोठा कॉम्प्युटर, भिंतीला निळा पडदा, पासपोर्ट फोटोसाठी एक स्टूल आणि गिऱ्हाइकांसाठी कंगवा अडकवलेला आरसा. वरच्या खोलीत मी. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू होतं आणि अल्बमची पानं मांडायचं काम मी बाबांकडून उचललं होतं. कुणाचा हात कापायचा, कुणाचा मामा कोपऱ्यात सरकवायचा, नवरा-नवरीच्या मागे गुलाबाची कमान लावायची की ताजमहाल, हे सगळं माझ्या अखत्यारीत. त्यासाठी माझ्या मावसभावाने, मंगेशदादाने, एक जुना लॅपटॉप आणून दिला. तो पुण्याला नोकरीला होता आणि या गोष्टींतला आमचा एकमेव जाणकार होता.

खालचं आणि वरचं जोडून दिलं तेही त्यानेच. खिडकीच्या फळीवर दोन डबे बसले. एक काळा, फोनबरोबर इंटरनेटसाठी मिळालेला. दुसरा पांढरा, दोन अँटेना असलेला, मंगेशदादाने आणलेला. पांढऱ्या डब्यातून एक वायर बाबांच्या कॉम्प्युटरला जायची आणि हवेतून माझ्या लॅपटॉपला. मी वर बसून खालचं फोल्डर उघडायचे आणि खालचे फोटो मला वर दिसायचे. आईला हा प्रकार अजिबात पटला नव्हता. वायरीतून जातं ते कळतं, पण हवेतून जाताना शेजाऱ्यांकडे एखादी नवरी गेली म्हणजे, असं तिचं म्हणणं. बाबांना हीच काळजी वेगळ्या तऱ्हेने होती. लोकांच्या लेकीबाळींचे फोटो आहेत, ते आपल्या नजरेसमोर, खालच्याच मशीनमध्ये राहिले पाहिजेत, हा त्यांचा नियम. लॅपटॉप काय, उद्या कुणी उचलून नेईल. म्हणून काम झालं की वरचं सगळं पुसून टाकायचं.

लोडशेडिंगचे दिवस होते. एकदा वीज गेली ती परत येताना अशी काही उसळून आली की टेबलामागे निळा जाळ दिसला. कॉम्प्युटर वाचला, पण पेन ड्राइव्ह लावायच्या सगळ्या खाचा मेल्या आणि सीडी लिहिणारा खणही बंद पडला. नवीन भाग टाकू, सीझन संपू दे, असं करता करता ते राहून गेलं. कॅमेऱ्यातलं कार्ड मी वर लॅपटॉपमध्ये रिकामं करायचे आणि फोटो तिथून खाली पाठवायचे. थोडक्यात, बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये काही घालायचं किंवा त्यातून काही काढायचं तर पांढऱ्या डब्यातून जाणारी ती एकच वाट उरली होती. दर लग्नाची एक सीडी करून कपाटात ठेवायची बाबांची शिस्त त्या उन्हाळ्यात मोडली.

त्या वर्षीची खंडेनवमी मला अजून जशीच्या तशी दिसते. आमच्याकडे तो मोठा सण. आदल्या दिवशी सगळी हत्यारं पुसून घ्यायची आणि मधल्या खोलीत सतरंजीवर मांडायची. कॅमेरे, फ्लॅश, तिपाई, फोटो मोठे करायचं, वर्षानुवर्षं न वापरलेलं एन्लार्जर, कीबोर्ड, माउस, लॅपटॉप. आईची विळी आणि मिक्सरही त्याच ओळीत. खिडकीतले दोन्ही डबे तिने वायरी काढून आणले आणि मानाने मधोमध बसवले, कारण त्यांना दिवे होते. प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडू, अक्षता. दसऱ्याला कशालाच हात लावायचा नाही. त्या दिवशी श्रीखंड-पुरी आणि कोथिंबिरीच्या वड्या खाऊन बाबा चक्क दुपारी झोपायचे, वर्षातून एकदाच. दुसऱ्या दिवशी ते सोनं द्यायला ओझरला आत्याकडे गेले, तेव्हा आईने सगळं उचलून जागच्या जागी लावून टाकलं. फोनची लाइन रस्ता खोदताना तुटलेली होती, इंटरनेट नव्हतंच, त्यामुळे डब्यांकडे कुणी पाहिलंही नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी बाबांनी कॉम्प्युटर चालू केला आणि आतून आवाज यायला लागला. गॅसचा लायटर पेटत नसताना आपण दाबत राहतो ना, तसा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी जिन्यातच थबकले. बाबा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते आणि कीबोर्डला शिवायलासुद्धा तयार नव्हते. त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला मोबाइलवरून फोन लावला. तो दसऱ्याला गावी गेला तो आलाच नव्हता. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हार्ड डिस्क चालली आहे, आता बंद करू नका. बंद केलीत तर पुन्हा उठेल असं सांगता येत नाही. फोन ठेवून बाबा म्हणाले, "दुपारी लाइट जाणार." एवढंच म्हणाले. कॉम्प्युटर आणि खिडकीतले डबे यूपीएसवर होते, पण त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. वीज गेली की तो दोनचारदा ओरडून गप्प व्हायचा.

उन्हाळ्यातली सगळी लग्नं त्या कॉम्प्युटरमध्ये होती. बरेच अल्बम देऊन झाले होते, काही राहिले होते. बाबा आणि मी पुटपुटत आठवत होतो, कुणाचे दिले, कुणाचे राहिले. तेवढ्यात फाटक वाजलं आणि ज्योती आत आली.

ज्योतीच्या लग्नाचे फोटो बाबांनी वैशाखात काढले होते. माहेर पिंपळगावच्या अलीकडचं एक खेडं, सासर सातपूरला. तिच्या अल्बमचं ठरलं नव्हतं, भाऊ दिवाळीत येऊन फोटो निवडणार होता. ती माझ्याच वयाची. त्या दिवशी तिने केस नुसते बांधले होते आणि हातात एक कापडी पिशवी होती. आई "ये गं" म्हणाली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. ज्योतीने खाली बसत सांगितलं की तिची आई वारली. घट बसले त्याच दिवशी. टोमॅटोच्या पॅकिंगच्या शेडवरून घरी आली, छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

"काका, उद्या तेरावं हाय," ती म्हणाली. "आईचा फोटोच नाय कुठं. रेशन कार्डावर हाय तो सगळा काळा. ती फोटोला उभीच राहत नव्हती. पण लग्नात तुमी काढला आसन ना एखादा?"

कॉम्प्युटरमध्ये लायटर वाजला. ज्योतीने तिकडे पाहिलं, तिला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. ते आता काहीतरी गोड बोलून तिला संध्याकाळी यायला सांगतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसंच व्हावं असंही वाटलं. ते तसं बोलले नाहीत. "फोटो आहे," ते म्हणाले. "एकच आहे, पण चांगला आहे. या मशीनमध्ये आहे आणि मशीन बिघडलंय. दुपारी लाइट जायच्या आत निघाला तर निघाला." पिशवी मांडीवर घेऊन ज्योती स्टुलावर, निळ्या पडद्यापुढे बसली, गिऱ्हाईक बसतं तशी.

बाबांनी पहिली युक्ती केली ती अस्सल फोटोवाल्याची. कॅमेरा काढला आणि फोटो पडद्यावर उघडून पडद्याचाच फोटो घ्यायचं ठरवलं. फोल्डर उघडलं, त्यातली नावं दिसली, पण एका नावावर टिचकी मारली आणि पडदा गोठला. आतली टकटक इतकी वाढली की बाबांनी हात काढून घेतला. बऱ्याच वेळाने पडदा जागा झाला. मी पुण्याला मंगेशदादाला मोबाइल लावला. तो म्हणाला, काहीही उघडू नका, उघडायला डिस्कला फार कष्ट पडतात. नेटवर्कवरून नुसतं उचल आणि वर घे.

मी वर धावले. लॅपटॉप उघडला, बाबांच्या कॉम्प्युटरचं नाव शोधलं. नाव नव्हतं. रोज जिथे दोन नावं दिसायची तिथे माझं एकटीचं होतं. हाताने पत्ता लिहून पाहिला, तर थोडा वेळ वाट बघायला लावून इंग्रजीत निरोप आला की असा रस्ता सापडत नाही. मी तेच पुन्हा केलं. माणूस घाबरला की तेच तेच करतो. मंगेशदादा कानाशी एकेक सांगत होता आणि मी करत होते. दोन्ही कॉम्प्युटरांच्या गटाचं नाव एकच आहे का? आहे. फोल्डर शेअर केलेलं आहे का? बाबांनी खालून सांगितलं, तिथे हाताचं चित्र आहे. फायरवॉल बंद कर. केली. खालचीही. तीही बाबांनी चाचपडत बंद केली. तरी रस्ता सापडेना.

"आता दोन्ही मशीन बंद करून चालू कर," तो म्हणाला.

मी म्हटलं, खालचं बंद करता येत नाही. तो वैतागून म्हणाला, अगं, निम्म्या भानगडी त्यानेच सुटतात. मी पुन्हा म्हटलं, करता येत नाही. माझा आवाज रडका झाला होता, तो त्यालाही ऐकू गेला असावा, कारण मग तो समजुतीने बोलायला लागला. वीज जायची वेळ कधीची, असं त्याने विचारलं. मी घड्याळाकडे पाहायचं मुद्दाम टाळत होते. खालून कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. आईने अशा वेळी वरण-भात लावला होता. ज्योती सकाळपासून उपाशी असणार, हे तिला न विचारता समजलं होतं.

मंगेशदादाने मग दोघांचे आकडे वाचायला सांगितले. प्रत्येक कॉम्प्युटरला घरात एक आकडा मिळतो, तो कसा बघायचा ते त्याने सांगितलं. बाबा खाली वाचत होते, आई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून ते वर सांगत होती आणि मी फोनवर. ती प्रत्येक आकडा सत्यनारायणाच्या पूजेला नावं घेतल्यासारखी ठासून म्हणत होती. एका जागी माझा शून्य होता आणि बाबांचा एक. मंगेशदादाने पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच.

"तुम्ही दोघं एका घरात नाही आहात," तो म्हणाला. "तू पांढऱ्या डब्यावर आहेस. काका नाहीत. वायर बघ."

मी दोन पायऱ्या सोडून खाली उतरले. आजवर मी ती वायर पाहिलीच नव्हती, ती असतेच असं धरून चाललं होतं. टेबलामागे वाकून वायर हातात धरली आणि तिच्या मागे मागे खिडकीपर्यंत गेले. ती काळ्या डब्यात शिरली होती. पांढऱ्या डब्यातली तिची खाच रिकामी होती. मी वायर काढून तिथे घालायला गेले तर ती अर्ध्यावर अडली. जोर लावला तरी जाईना. मी खाली वाकून आत पाहिलं. खाचेत कुंकू लागलेले तांदळाचे दोन दाणे होते.

आई माझ्या पाठीमागे उभी होती. तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. काल तिथे वायर जाईना, म्हणून तिने शेजारच्या डब्यात लावून पाहिली होती. तिथे टक्कन बसली, दिवाही लागला, म्हणजे बरोबरच असणार. तिचंही काही चुकलं नव्हतं. दिवा लागला की लागलं, असंच आम्ही सगळे मानत होतो. मी केसातली पिन काढली. खाचेत बारीक पितळी काटे असतात, एक वाकला तर वायर लागूनही उपयोग नाही, असं मंगेशदादा कानात बजावत होता. मी ते मोठ्याने सांगितलं, तशी बाबांनी पिन माझ्या हातातून घेतली. कॅमेऱ्यातले स्क्रू काढणारा हात तो. त्यांनी एक दाणा काढला, मग दुसरा. आईने ते दोन्ही ओंजळीत घेतले आणि तशा घाईतही बाहेर जाऊन तुळशीत टाकून आली. अक्षता पायाखाली येऊ देणार नाही, मग काहीही होवो. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता येत नाही.

परवाच ही हकिकत माझ्या मुलीला सांगितली, तर ती म्हणाली, एवढा घोळ कशाला, लॅपटॉपच खाली नेऊन त्याला एक वायर लावायची. बरोबर आहे तिचं. पण घरात वायर एकच होती, आणि भीतीने आमची डोकी त्या एका वाटेवरच अडकून पडली होती.

मी वर पोचले तोवर दोन नावं दिसायला लागली होती. मला हुंदकाच आला. बाबांनी खालून ओरडून सांगितलं, सगळं उचलत बसू नकोस, शेवटाकडचे घे, पाठवणीच्या आधीचे, ते टेम्पोपाशी काढलेत. मी शेवटची रांग निवडली आणि ओढून वर आणली. हिरवी पट्टी आली. सरकेना. मग सरकली. खालच्या टकटकीची लय आता मला वरही ऐकू येत होती, किंवा ऐकू येते आहे असं वाटत होतं. टकटक थांबली की पट्टी पुढे जायची आणि सुरू झाली की थांबायची. पहिला फोटो आला. वरातीची मुलं. दुसरा आला, कुणाची तरी पाठ. तिसऱ्याला इतका वेळ लागला की मी खुर्चीच्या दांडीला धरून उभीच राहिले. माझ्या आईचा एखादा फोटो कुठे आहे, असा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला आणि मला आठवेना. फोटोवाल्याची बायको. ती कायम पट्टीकडे बघत मागे उभी असायची.

पंखा हळू झाला. मला पंख्यावरून कळलं. खाली यूपीएस ओरडला, पुन्हा ओरडला. पट्टी चालू होती. मी मनातल्या मनात कुणाला तरी, बहुतेक त्या पांढऱ्या डब्यातल्या देवालाच, अजून एक, अजून एक, असं विनवत होते. मग ओरडणं थांबलं आणि लॅपटॉपवर निरोप आला की रस्ता तुटला. खालून काहीच आवाज येईना. टकटकसुद्धा नाही. ती शांतता मला त्या आवाजापेक्षा भयानक वाटली. संध्याकाळी वीज आल्यावर बाबांनी बटण दाबलं, तेव्हा डिस्क फिरलीच नाही, आणि पुढे कुणालाही ती फिरवता आली नाही. पण ते नंतरचं.

जे आलं होतं त्यात शेवटचा फोटो अर्धवट होता. मी तो उघडला आणि लॅपटॉप तसाच दोन्ही हातांवर धरून जिना उतरले. पाय सटकेल या भीतीने एकेक पायरी चाचपत. ज्योती स्टुलावरून उठली. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि बाजूला झाले.

वरच्या भागात टेम्पोचं मागचं फळकूट, त्यावर बांधलेलं आंब्याचं डहाळं आणि त्याच्या पुढे एक बाई. डोक्यावर पदर, नजर कॅमेऱ्याकडे नाही, डावीकडे कुणाकडे तरी बघून हसते आहे. कपाळ, डोळे, दात, हनुवटी, गळ्यातली काळी पोत, सगळं स्वच्छ. त्याच्या खाली पदराची पहिली चुणी सुरू होते न होते तोच फोटो संपला होता आणि उरलेल्या भागात नुसता राखाडी रंग होता.

ज्योती पुष्कळ वेळ बघत राहिली. "अशीच हसायची," ती म्हणाली. आई पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा सांगत होते की चेहरा आलाय, तेवढा मोठा करून कापून आज संध्याकाळी फ्रेम करून देतो, खालचा भाग लागणारच नाही, हाराने झाकला जातो. हे ते धंद्याच्या आवाजात बोलत होते. ज्योतीने मान हलवली, पण तिचं लक्ष राखाडी भागाकडेच होतं.

"खाली काय व्हतं, काका?"

बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या फोटोसाठी आपण थांबलो होतो, असं त्यांनी सांगितलं. कॅमेरा वळला की बाई तोंड फिरवायची, म्हणून ते दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो काढतोय असं दाखवत टेम्पोच्या कडेला उभे राहिले होते. तिने पदराखाली काहीतरी पोटाशी धरलं होतं. आधी त्यांना वाटलं नारळ असेल. मग पदर वाऱ्याने सरकला.

"चपला होत्या," बाबा म्हणाले. "जुन्या. निळ्या पट्ट्याच्या. एकीचा अंगठा शिवलेला होता."

ज्योतीने त्यांच्याकडे पाहिलं. सासरच्यांनी नव्या चपला आणल्या होत्या, त्या घालून ती मांडवातून निघाली होती. जुन्या कुठे सोडल्या ते नंतर तिला आठवेना. आईला फोनवर विचारलं तर आई म्हणाली होती, जाऊ दे, कुणी नेल्या असतील. हे तिने आम्हाला तुटक तुटक सांगितलं.

"कशा धरल्या व्हत्या?" तिने विचारलं.

बाबांनी आपले दोन्ही हात पोटाशी नेले, एकावर एक, तळवे आत, जपून. आणि ज्योतीचं बघून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.